आधी पाण्याची वाट तपासा, मग यंत्राची

मे महिन्यातील एक सायंकाळ. अँटॉप हिलमधील एका जुन्या सात मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील घरात सूर्यास्तापूर्वीचे जेवण नुकतेच आटोपले आहे. सुनेने ताटे, वाट्या, कुकरची भांडी डिशवॉशरमध्ये नीट रचली, साबणाची वडी ठेवली, दार लावले आणि बटण दाबले. आत उरलेले पाणी बाहेर टाकल्याचा आवाज झाला. मग नुसतीच गुणगुण ऐकू येत राहिली. काही मिनिटांनी यंत्राने शिटी दिली आणि पटलावर नळाचे चित्र लुकलुकू लागले. पाणी आत आलेच नव्हते.

पंधरवड्यातील ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी मेकॅनिक आला तो दुपारी बाराच्या सुमारास. त्याच्यासमोर यंत्र मुकाट्याने चालले. भेटीचे पैसे घेऊन तो गेला. दुसऱ्या वेळी त्याने शंका व्यक्त केली, की आतील इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडला असावा. तो बदलावा लागेल आणि खर्च काही हजारांत जाईल. घरात भांडी घासणाऱ्या बाई गावी परतल्या होत्या, सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडलेली आणि सुनेची नोकरी सकाळी आठची. यंत्र हौसेने नव्हे, गरजेने घेतलेले होते. मुलाने तोडगा सुचवला: नळाला एक छोटा पंप बसवून टाकू, म्हणजे कटकट मिटेल.

हा प्रसंग प्रातिनिधिक आहे. पण मुंबईच्या जुन्या इमारतींतील वरच्या मजल्यांवर थोड्याफार फरकाने तो नेहमी घडतो. बोर्ड बदलावा की पंप बसवावा, या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा. यंत्राच्या दारापर्यंत पाणी किती जोराने पोहोचते? त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका बादलीत आणि एका घड्याळात सापडते.

यंत्र जुने, अडचणही जुनी

भांडी धुण्याचे यंत्र अलीकडचे आहे असा आपल्याकडे समज आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाला येणाऱ्या भगिनी येऊ शकेनात, तेव्हा ते अनेक मराठी व गुजराती घरांत प्रथमच शिरले, हे त्याचे कारण असावे. वस्तुतः अमेरिकेतील इलिनॉय राज्यात राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन या विधवा गृहिणीने अशा यंत्राचे पेटंट २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळवले. त्यापूर्वीची यंत्रे भांडी ब्रशने घासू पाहत. कॉक्रेनबाईंच्या यंत्राचे वैशिष्ट्य असे, की भांडी तारेच्या खणांत स्थिर राहत आणि त्यांच्यावर पाण्याचा जोरदार मारा होई. आजच्या यंत्राचे तत्त्वही तेच आहे.

१८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले आणि तेथील उपाहारगृहांनी ते वापरलेही. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने ११ सप्टेंबर १८९३ पासून सर्वधर्म परिषद भरली आणि तिच्यात वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले, हे या अंकाच्या वाचकांना ठाऊकच आहे. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच सोहळ्याच्या छायेत या दोन गोष्टी घडल्या.

हॉटेलांनी यंत्र उचलले, पण घरांनी ते लगेच स्वीकारले नाही. त्याचे एक मोठे कारण म्हणजे पाणी. त्या काळच्या बहुतांश घरांत यंत्राला पुरेल इतके गरम पाणी तयार करण्याची सोयच नव्हती. म्हणजे यंत्र सिद्ध होते, घराची पाण्याची व्यवस्था सिद्ध नव्हती. सव्वाशे वर्षांनंतर अँटॉप हिलच्या सातव्या मजल्यावर अडचण तीच आहे, फक्त गरम पाण्याच्या जागी पाण्याचा दाब आला आहे.

तलावापासून तोटीपर्यंत

मुंबईला सात तलाव पाणी देतात: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. यांपैकी विहार १८६० साली, तुळशी १८७९ साली आणि तानसा १८९२ साली पूर्ण झाला. भांडुप व पांजरापूर येथे शुद्ध झालेले पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून शहरातील सेवा जलाशयांत येते. मलबार हिल, भंडारवाडा, गोलंजी, फॉसबेरी ही त्यांची नावे महापालिकेच्या पाणीकपातीच्या सूचनांत वाचायला मिळतात. त्यांच्याच पंक्तीतील रावळी हे नाव अँटॉप हिल–शीव कोळीवाडा परिसरातील आहे. जलाशयापासून गल्लीतील वाहिनीत पाणी सोडले जाते ते दिवसाच्या ठरावीक तासांतच.

येथपर्यंतचा प्रवास महापालिकेचा. यापुढचा सोसायटीचा. गल्लीतील वाहिनीचे पाणी इमारतीच्या तळटाकीत साठते. वॉचमन पंप सुरू करतो, तेव्हा ते गच्चीवरील टाकीत चढते. गच्चीवरून उभे नळ खाली उतरतात आणि प्रत्येक मजल्यावर त्यांना फाटे फुटतात. फाट्याच्या टोकाला ओट्याखाली एक कॉक असतो, त्याला यंत्राची नळी जोडलेली असते.

या प्रवासातील एक गोष्ट विसरली जाते. महापालिकेच्या वाहिनीत कितीही जोर असला, तरी तळटाकीत पाणी पडले की तो जोर संपतो. घरातील नळाला जो जोर मिळतो तो केवळ गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचा. म्हणूनच एकाच इमारतीत, एकाच टाकीखाली, पहिल्या मजल्यावरचा नळ उसळतो आणि सातव्या मजल्यावरचा नळ रेंगाळतो.

उंचीचा साधा हिशेब

पाण्याचा दाब ‘बार’ या मापाने मोजतात. हिशेब सोपा आहे: दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळजवळ एक बार. म्हणजे एक मीटर उंचीला बारचा दहावा हिस्सा.

आता सातव्या मजल्याचे घर घेऊ. ओट्याखालील कॉकपासून टाकीतील पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर, टाकी भरलेली असताना, सुमारे चार मीटर धरावे. दाब झाला ०.४ बार. टाकीतील पाणी एक मीटरने उतरले की उरला ०.३ बार. दोन मजल्यांमधील अंतर तीन मीटर धरले, तर सहाव्या मजल्याला भरलेल्या टाकीचे ०.७ बार मिळतात आणि पहिल्या मजल्याला २.२ बार. हाही नळ बंद असतानाचा दाब. पाणी वाहू लागले की नळीच्या घर्षणात त्यातील काही भाग खर्च होतो. जुन्या लोखंडी नळात गंजाची पुटे चढून पाण्याची वाट अरुंद झाली असेल, तर खर्च अधिकच.

यंत्राची अपेक्षा काय असते? कंपनीनुसार आकडा बदलतो. परंतु अनेक पुस्तिकांत किमान दाब ०.३ किंवा ०.५ बार असा दिलेला असतो आणि काहींत मिनिटाला किमान दहा लिटर पाणी यावे असेही म्हटलेले असते. हा आकडा पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर, तांत्रिक माहितीत असतो. खरेदीच्या वेळी खण किती, ताटे किती मावतात, हे सारे विचारले जाते; हा आकडा मात्र क्वचितच कोणी पाहतो.

दाब थोडा कमी पडला तर पाणी थोडे सावकाश यायला हवे. मुळीच का येत नाही, असा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडेल. त्याचे उत्तर यंत्राच्या प्रवेशद्वारावरील झडपेत आहे. विजेवर चालणारी ही झडप स्वतःच्या बळावर पूर्ण उघडत नाही. वीज मिळाली की तिच्यातील एक बारीक छिद्र तेवढे मोकळे होते. त्यातून थोडे पाणी निसटल्यावर रबरी पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो आणि तो फरकच पडद्याला उचलतो. म्हणजे दार उघडण्याचे कष्ट पाणी करते, वीज केवळ कडी काढते. पाण्यात जोर नसेल, तर कडी निघूनही दार उघडत नाही. यंत्र गुणगुणत राहते, ठरलेल्या वेळेपर्यंत वाट पाहते आणि मग नळाचे चित्र दाखवून थांबते. हा यंत्राचा बिघाड म्हणता येत नाही. ती त्याची तक्रार आहे.

मेकॅनिक दुपारी आला तेव्हा यंत्र का चालले, याचाही उलगडा येथे होतो. सकाळी पंप चालून टाकी भरलेली होती आणि इमारतीतील बरीच माणसे कामावर गेलेली होती. सायंकाळी टाकी उतरलेली आणि खालच्या सहाही मजल्यांवर नळ सुरू. खालचे नळ उघडले की उभ्या नळातील पाणी खाली धावते आणि वरच्या फाट्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. बिघाड वेळ पाहून येत असेल, तर संशय यंत्रावर घेण्याआधी पाण्यावर घ्यावा.

बादली आणि घड्याळ

त्या घरी हे उमगले ते सासूबाईंमुळे. त्यांचे माहेर लालबागच्या चाळीत. पहाटे सार्वजनिक नळावर पाणी भरताना हंडा किती वेळात भरतो, यावरून आज पाणी किती वेळ टिकेल याचा अंदाज त्या बांधत असत. त्या सुनेला म्हणाल्या, “अगं, यंत्र राहू दे बाजूला. बादली भरायला किती वेळ लागतो ते आधी बघ.”

कोणत्याही घरी करता येईल अशी ही तपासणी आहे. क्रम मात्र पाळावा. प्रथम यंत्राचे बटण बंद करून प्लग काढावा. ओट्याखालील कॉक बंद करावा. यंत्राची नळी कॉकवरून फिरवून सोडवावी. थोडे पाणी सांडते, म्हणून खाली फडके ठेवावे. दहा लिटरची बादली कॉकखाली धरून कॉक पूर्ण उघडावा आणि वेळ मोजावा. जागा अडचणीची असेल, तर लहान भांड्याने मोजून हिशेब करावा. बादली एका मिनिटाच्या आत भरली, तर पाण्याची वाट मोकळी आहे. दोष पुढे शोधावा. दीड-दोन मिनिटांहून अधिक लागली, तर दोष मागे, नळात किंवा टाकीत आहे. ही मोजणी सकाळी एकदा आणि यंत्र नेहमी लावतो त्या वेळी एकदा करावी. त्या घरात सायंकाळी बादलीला अडीच मिनिटे लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण दीड मिनिट.

पाणी पुरेसे येत असूनही यंत्र भरत नसेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, जाळी. यंत्राच्या नळीच्या टोकाशी बोटाच्या पेराएवढी एक बारीक जाळी असते. गच्चीवरील टाकी धुतल्यानंतर तळाचा गाळ नळात उतरतो आणि गंजाच्या कणांबरोबर या जाळीत अडकतो. पकडीने ती हलकेच ओढून काढावी, जुन्या दातब्रशने नळाखाली धुवावी आणि पुन्हा नीट बसवावी. ज्या घरांत नळाला गाळणे बांधण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना जाळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. गाळणे वेळच्या वेळी धुतले नाही, तर पाणी अडणारच. काही जण यंत्राच्या आधी आणखी एक गाळणयंत्र बसवतात. दाब मुळातच कमी असेल तेथे ही दुसरी गाळणी त्यातलाही थोडा दाब खाते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी, नळी. यंत्र भिंतीकडे सरकवताना मागची नळी दुमडली जाते. यंत्र चार बोटे पुढे ओढले की कित्येकदा प्रश्न सुटतो. कॉक अर्धवट उघडा राहिला नाही ना, हेही पाहावे.

तिसरी, नळात अडकलेली हवा. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली, की वरच्या मजल्याच्या फाट्यात हवा कोंडते. नळ फुत्कार टाकतो, थुंकल्यासारखे पाणी येते. घरातील सर्व नळ काही वेळ उघडे ठेवले की हवा निघून जाते. त्यानंतरच यंत्र लावावे.

चौथी, सांडपाण्याची नळी. ती पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीपेक्षा खाली सोडली असेल, तर आलेले पाणी त्याच वेळी बाहेर वाहून जाते. यंत्र भरतही असते आणि रिकामेही होत असते. पाहणाऱ्याला वाटते, पाणी येतच नाही.

पाचवी, तळाचा तरंगता गोळा. बहुतेक यंत्रांच्या तळाशी गळतीचा पहारा ठेवणारा एक तरंगता भाग असतो. कुठे गळून तळाच्या तबकात पाणी साचले, की तो वर उचलला जातो आणि यंत्र नवे पाणी घेणे थांबवते. अशा वेळी पाणी बाहेर टाकणारा पंप सतत चालू राहतो. हे लक्षण दिसले तर प्लग काढून, कॉक बंद करून जाणकार तंत्रज्ञालाच बोलवावे. झडपेची तार, बोर्ड, आतील मोटर हे सर्व त्याचे क्षेत्र आहे. पाणी आणि वीज जेथे एकत्र येतात, तेथे घरच्या घरी प्रयोग करू नयेत.

तंत्रज्ञ आला, की त्याला “यंत्र चालत नाही” एवढेच सांगण्याऐवजी “सायंकाळी दहा लिटरला अडीच मिनिटे, सकाळी दीड मिनिट” असे सांगावे. आकडा समोर असला, की बोर्ड बदलण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही.

पंपाचा मोह

दाब कमी आहे हे कळल्यावर मुलाचा पंपाचा आग्रह वाढला. येथे मात्र थांबून विचार करणे आवश्यक आहे.

महापालिकेच्या वाहिनीला थेट पंप जोडण्यास मनाई आहे आणि असे पंप जप्त केले जातात. नियमामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. वाहिनीत दाब असतो तोवर तिच्या फटींतून पाणी बाहेर झिरपते, बाहेरची घाण आत येत नाही. पंपाने पाणी खेचले की वाहिनीत उलटा ओढा निर्माण होतो आणि त्याच फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. एका घराच्या सोयीसाठी गल्लीतील प्रत्येक घराचे पिण्याचे पाणी धोक्यात येते.

गच्चीच्या टाकीवरून येणाऱ्या फाट्याला पंप लावणे वेगळे, पण तेही निर्दोष नाही. त्या घरचा व शेजारच्या घरचा फाटा एकच होता. शेजारी एक वृद्ध दांपत्य राहत होते. यांच्याकडे पंप सुरू झाला, की त्यांच्या स्वयंपाकघरातील नळ कोरडा पडला असता आणि कारण त्यांना कळलेही नसते. यंत्रात वीस मिनिटे आधी पाणी यावे म्हणून दुसऱ्याच्या घागरीतले पाणी ओढणे कोणालाच रुचणार नाही. परंतु नळ भिंतीत दडलेले असल्याने आपण तेच करीत आहोत, हे दिसत नाही एवढेच.

मग उपाय काय? जे उपाय आहेत ते सर्व सोसायटीला विश्वासात घेऊन करण्याचे आहेत. गंजलेला जुना फाटा बदलून अधिक रुंद नळ टाकता येतो. वरच्या एक-दोन मजल्यांसाठी टाकीपासून स्वतंत्र उभा नळ आणता येतो. इमारतीच्या रचनेस झेपत असेल, तर अभियंत्याच्या सल्ल्याने टाकीचा चौथरा उंच करता येतो. वरच्या मजल्यांच्या सामाईक नळावर गच्चीतच योग्य क्षमतेचा दाबपंप बसवता येतो. त्याचा लाभ सर्वांना मिळतो आणि कोणाचे पाणी कोणी ओढत नाही. आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे वेळ बदलणे. भांडी सायंकाळी यंत्रात रचून ठेवावीत आणि टाकी भरल्यावर, सकाळी, यंत्र सुरू करावे. ज्यांना उष्टी भांडी रात्रभर ठेवणे पटत नाही, त्यांनी ती आधी मूठभर पाण्याने विसळून घ्यावीत.

पाण्याचा ताळेबंद

एवढा खटाटोप यंत्रासाठी का करावा, असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर आकड्यांतच आहे. आजचे पूर्ण आकाराचे यंत्र काटकसरीच्या आवर्तनात एका वेळी साधारण नऊ ते बारा लिटर पाणी घेते. मिनिटाला सहा लिटर देणारा नळ भांडी घासताना दहा मिनिटे सोडून ठेवला, तर साठ लिटर जातात. अर्थात, हा लाभ यंत्र पूर्ण भरून लावले तरच होतो. चार वाट्यांसाठी यंत्र लावणारा आणि नळ सोडून गप्पा मारणारा, दोघेही सारखेच. बादलीत पाणी घेऊन बेताने भांडी धुणाऱ्या जुन्या पिढीला तर यंत्राकडून धडा घेण्याचे कारणच नाही.

मुंबईत या ताळेबंदाला विशेष अर्थ आहे. २०२४ साली तलावांतील साठा घटल्यामुळे ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू झाली होती. कपात सर्वांना समान जाहीर होते. तिची झळ मात्र समान बसत नाही. टाकी अर्धी भरली, की पहिल्या मजल्याला फरक जाणवत नाही, सातव्या मजल्याचा नळ थांबतो. म्हणून पाणी जपून वापरणे हे खालच्या मजल्यांवरील घरांचे वरच्या मजल्यांवरील घरांप्रतीही कर्तव्य ठरते.

त्या इमारतीत पुढे हेच झाले. सुनेने दोन्ही वेळांचे आकडे कागदावर लिहून सोसायटीच्या सभेत ठेवले. शेजारच्या आजींनी सांगितले, की त्यांच्या नळालाही वर्षभर असेच पाणी येते. वयामुळे तक्रार करायला जमले नाही, इतकेच. प्लंबरने सामाईक फाटा कापला, तेव्हा आतील वाट गंजाने भरून बोटही जाणार नाही इतकी अरुंद झालेली दिसली. नवा रुंद नळ पडला, खर्च दोन्ही घरांत विभागला गेला. सायंकाळी बादली पन्नास सेकंदांत भरली. यंत्राचा बोर्ड जुनाच राहिला आणि पंप विकत घ्यावा लागला नाही. टाकी फारच उतरली असेल त्या दिवशी यंत्र अजूनही सकाळीच लावले जाते, आणि जाळी दर महिन्याला धुतली जाते.

शेजारच्या आजींकडे डिशवॉशर नाही. त्यांची पाण्याची कळशी मात्र आता लवकर भरते.